गंधक, धूळ आणि चुना : घोड-भीमेच्या खोऱ्यातील हवेचा इतिहास

गंधक जळाला की सल्फर डायऑक्साइड हा घशाला झोंबणारा वायू तयार होतो. भोवताली ऑक्सिजन मुबलक असतो, तरी नुसत्या ऑक्सिजनच्या जोरावर या वायूचे सल्फेट जवळजवळ होतच नाही. उन्हात तयार होणारे हायड्रॉक्सिल रॅडिकल हे काम करतात, पण त्याला कित्येक दिवस लागतात. तोच वायू ढगाच्या किंवा धुक्याच्या थेंबात विरघळला आणि त्या थेंबात लोखंड व मँगनीज यांचा अंश असला, तर काम काही तासांत उरकते. धातू त्यात खर्च होत नाही; एका रेणूचे काम संपवून तो दुसऱ्याला मोकळा होतो. अशा पदार्थाला उत्प्रेरक म्हणतात. थेंबात तयार झालेले सल्फेट हे मुळात गंधकाम्लच. त्याला वाटेत चुना किंवा अमोनिया भेटला नाही, तर पाऊस आंबट होतो.

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेला शिरूर आणि दौंड तालुक्यांत, रांजणगावच्या महागणपतीपासून घोड आणि भीमेच्या काठापर्यंतच्या टापूत, या क्रियेचे घटक वेगवेगळ्या काळी आणि वेगवेगळ्या वाटांनी जमत गेले. धातू इथल्या दगडात पहिल्यापासून होते. आम्ल मारणारा चुनाही त्याच दगडाने दिला. गंधक मात्र माणसाने आणला : आधी आगगाडीच्या कोळशातून, मग साखर कारखान्याच्या भट्टीतून, पुढे डिझेल आणि बॉयलरच्या इंधनातून. या भागातला पाऊस इतकी वर्षे आंबट का झाला नाही, याचे उत्तर या तिघांच्या हिशेबात आहे.

सुरुवात दगडापासूनच करावी लागते. रांजणगावच्या जमिनीखालचा काळा पाषाण म्हणजे दख्खनचा बेसाल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भेगांतून उसळलेल्या लाव्ह्याचे थरावर थर साचून तो तयार झाला. या लाव्ह्याबरोबर गंधकाचे वायूही प्रचंड प्रमाणात बाहेर पडले. त्याची कल्पना आइसलँडमधल्या लाकी उद्रेकावरून येते. १७८३-८४ मध्ये तिथे सुमारे १५ घन किलोमीटर लाव्हा वाहिला आणि त्याबरोबर जवळपास १२ कोटी टन सल्फर डायऑक्साइड हवेत गेला. युरोपभर महिनोन्‌महिने आम्लाचे धुके पसरले. दख्खनमध्ये एकेका उद्रेकातून बाहेर पडलेला लाव्हा शेकडो घन किलोमीटरांच्या घरात होता. म्हणजे या टापूच्या हवेने गंधकाचा सर्वांत मोठा मारा माणूस जन्मण्याच्या कितीतरी आधी सोसला आहे.

लाव्हा निवला, वायू विरले, दगड उरला. त्या दगडात वजनाने साधारण दहावा हिस्सा लोखंड असते. मँगनीज त्या मानाने नगण्य, हजारात एक-दोन भाग. पण उत्प्रेरकाला एवढेही पुष्कळ होते. कॅल्शियम ऑक्साइडचे प्रमाण शेकडा १० च्या आसपास असते. बेसाल्ट झिजून मुरूम झाला, मुरमाची काळी माती झाली आणि मातीतून पाझरलेले कॅल्शियम खाली चुनखडीच्या खड्यांच्या रूपात साचले. शिरूर-दौंड हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला भाग. वर्षाला सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. पाऊस कमी असल्याने चुना वाहून न जाता जमिनीत टिकला. चैत्र-वैशाखात नांगरलेल्या रानातून वावटळ उठते तेव्हा लोखंड, मँगनीज आणि चुना एकाच कणावर बसून वर जातात. पुढे जे घडते ते समजण्यासाठी ही गोष्ट लक्षात ठेवणे आवश्यक आहे : क्रियेला वेग देणारा आणि तिच्या आम्लाला बांध घालणारा, दोघेही एकाच धुळीचे.

माणसाने या चुन्याचा आणि धातूचा उपयोग फार लवकर ओळखला. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, झैनुद्दीन अन्सारी आणि म. के. ढवळीकर यांच्या कामातून तिथे इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातली ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. गावाच्या एका भागात कारागिरांची घरे होती : कुंभार, सोनार, मणी घडवणारा, हस्तिदंताचे काम करणारा आणि चुना भाजणारा. तांब्याची हत्यारे आणि दागिनेही सापडले. चुनखडीचे खडे वेचून भाजण्याचा उद्योग या तालुक्यात तीन हजार वर्षांचा आहे. ज्या तांब्याने पुढे रसायनशास्त्रज्ञांना गंधकाच्या या क्रियेतल्या उत्प्रेरणाची पहिली वाट दाखवली, ते तांबेही इथल्या कारागिराच्या मुशीत तेव्हाच वितळले होते. गंधकाचा धूर मात्र त्या गावाला फारसा माहीत नसणार. तिथल्या चुली लाकडावर आणि शेणावर चालत.

गंधकाच्या धुराचा प्रश्न आधी इंग्लंडमध्ये पेटला. मँचेस्टरच्या गिरण्या कोळशावर चालत. तिथला रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट अँगस स्मिथ याने १८५२ मध्ये शहराच्या पावसाचे पृथक्करण मांडले आणि १८७२ च्या ग्रंथात ‘आम्ल पाऊस’ हा शब्द वापरला. शहराच्या मध्यावर पावसात गंधकाम्ल, बाहेर पडावे तसा अमोनियाशी जुळलेला सल्फेट, ही त्याची नोंद आजही खरी ठरते. वायूचे आम्ल नेमके कशाने होते, हे मात्र त्याच्या काळात कुणाला ठाऊक नव्हते.

त्याचा पहिला धागा प्रयोगशाळेत लागला. सल्फर डायऑक्साइड पाण्यात विरघळून होणाऱ्या सल्फाइटचे द्रावण हवेत ठेवले की त्याचे सल्फेट होते, पण दर वेळी वेगळ्या वेगाने. दोन प्रयोगांचे आकडे जुळतच नसत. लाइपझिगमध्ये टिटॉफ याने १९०३ मध्ये या गोंधळाचे कारण दाखवले : पाण्यात तांब्याचा अतिसूक्ष्म अंश असला तरी वेग वाढतो, आणि अतिशुद्ध पाण्यात क्रिया जवळजवळ थांबते. त्याच सुमारास अल्कोहोलसारखे काही सेंद्रिय पदार्थ ही क्रिया रोखतात, हेही कळले. एवढ्याशा भेसळीने जी क्रिया इतकी पळते किंवा थबकते, ती साखळीने चालत असली पाहिजे. हाबर आणि व्हिलश्टेटर यांनी १९३१ मध्ये आणि बेकस्ट्रम याने १९३४ मध्ये या साखळीची मांडणी केली.

ती साखळी आज अशी सांगतात. थेंबात विरघळलेले लोखंड सल्फाइटकडून एक इलेक्ट्रॉन काढून घेते. इलेक्ट्रॉन गमावलेले सल्फाइट रॅडिकल होते आणि लगेच ऑक्सिजन पकडते. त्यातून निघालेले अधिक आक्रमक रॅडिकल दुसऱ्या सल्फाइटवर जातात आणि वाटेत लोखंडाचा इलेक्ट्रॉनही परत काढून घेतात. रहाटाचा पोहरा रिकामा होऊन पुन्हा पाण्यात उतरावा, तसे लोखंड पुन्हा कामाला लागते. मँगनीजही हेच करते, आणि दोघे एका थेंबात आले तर वेग दोघांच्या बेरजेहून कितीतरी जास्त भरतो. १९८० च्या दशकात मार्टिन आणि इतरांनी हा संयोग मोजून दाखवला.

प्रयोगशाळेतली ही गोष्ट हवेत आणण्याचे काम संकटांनी केले. डिसेंबर १९३० मध्ये बेल्जियमच्या म्यूज खोऱ्यात दाट धुक्यात ६० हून अधिक माणसे मेली. ऑक्टोबर १९४८ मध्ये अमेरिकेतल्या डोनोरा गावी २० मेली. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनच्या धुक्याने हजारोंचा बळी घेतला. म्यूज आणि डोनोरा दोन्ही अरुंद खोरी. दोन्हीकडे जस्त आणि पोलादाचे कारखाने. तिथल्या धुक्याच्या थेंबांत गंधकाबरोबर धातूही होते, ही बाब नंतरच्या अभ्यासकांनी फार गांभीर्याने घेतली. इलिनॉयमध्ये जॉनस्टन आणि कॉफनाउर यांनी १९५८ मध्ये मँगनीज असलेल्या एकेका थेंबात सल्फर डायऑक्साइडचे काय होते, ते मोजले. त्याच वर्षी युंगे आणि रायन यांनी दुसरी बाजू दाखवली : थेंब आम्लधर्मी होत गेला की त्यात वायू विरघळणेच कमी होते आणि क्रिया स्वतःच मंदावते; अमोनियाने आम्ल मारले तर ती चालू राहते. मेरी ॲमडर हिने गिनीपिगवर केलेल्या प्रयोगांत लोखंड, मँगनीज आणि व्हॅनेडियम यांच्या विरघळणाऱ्या क्षारांसोबत सल्फर डायऑक्साइड श्वासात गेला की श्वासनलिका अधिक आकसते, हे दिसले. कारखान्याच्या धुराकडे एकेका वायूच्या हिशेबाने पाहणे चुकीचे आहे, हा या कामाचा धडा. आपल्याकडच्या नियमांत तो अजून पुरता उतरलेला नाही.

घोड-भीमेच्या खोऱ्यात कोळशाचा धूर आला तो आगगाडीबरोबर. पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेवरचे दौंड हे स्थानक १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाल्यावर जंक्शन झाले. पुढे शंभरेक वर्षे तिथे वाफेची इंजिने कोळसा खात राहिली. भारतीय कोळशात गंधक कमी, साधारण अर्धा टक्का, आणि राख फार. ही राखसुद्धा लोखंडाने भरलेली. मात्र भट्टीच्या उष्णतेतून गेलेल्या राखेतले लोखंड मातीतल्या लोखंडापेक्षा पाण्यात लवकर विरघळते. मातीच्या कणात ते खनिजाच्या जाळ्यात अडकलेले असते आणि आम्ल मिळाल्याशिवाय सुटत नाही. म्हणून धुळीत लोखंड किती आहे यापेक्षा ते कुठून आले, याला जास्त महत्त्व.

या टापूत गंधक थेट गंधक म्हणून जाळला जाऊ लागला तो साखरेमुळे. १९३२ च्या संरक्षण कायद्यानंतर देशात साखर कारखाने झपाट्याने वाढले. शेजारच्या इंदापूर तालुक्यात वालचंदनगर उभे राहिले. १९५० मध्ये प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी कारखाना सुरू झाला आणि तोच नमुना पुढे महाराष्ट्रभर गेला. दौंड तालुक्यात पाटसला भीमा आणि शिरूर तालुक्यात न्हावऱ्याला घोडगंगा हे सहकारी कारखाने त्याच परंपरेतले. पांढरी साखर करण्यासाठी या कारखान्यांनी जी पद्धत घेतली तिला सल्फिटेशन म्हणतात.

ती जवळून पाहण्यासारखी आहे, कारण हवेतल्या क्रियेचे सगळे घटक तिथे एका छपराखाली भेटतात. पिवळा गंधक वितळवून सल्फर बर्नरमध्ये जाळतात. निळसर ज्योत दिसते. टन उसामागे साधारण अर्धा किलो गंधक लागतो. साधारण ७० ते ७५ अंशांपर्यंत तापवलेल्या उसाच्या रसात एकीकडून पाण्यात कालवलेला चुना आणि दुसरीकडून सल्फर डायऑक्साइड सोडतात. दोहोंचा तोल असा सांभाळायचा की रसाचा सामू, म्हणजे पीएच, ७ च्या आसपास राहील. कॅल्शियम सल्फाइटचा साका रसातला मळ घेऊन खाली बसतो आणि वरचा रस निवळतो. पुढे आटवलेल्या पाकात पुन्हा गंधकाचा वायू सोडून रंग उजळवतात.

या साऱ्यात कारखान्याचा रसायनतज्ज्ञ एका गोष्टीला जपतो : वायू सल्फर डायऑक्साइडच राहिला पाहिजे, ट्रायऑक्साइड होता कामा नये. ट्रायऑक्साइड झाला की पाण्याशी मिळून गंधकाम्ल होते, साखरेचे विघटन होते आणि इव्हॅपोरेटरच्या नळ्यांत कॅल्शियम सल्फेटचा कठीण थर बसतो. ही अनिष्ट क्रिया वाढवणारा कोण, तर नळीतला लोखंडी गंज. तापलेला वायू गंजावरून गेला की गंज उत्प्रेरकाचे काम करतो. म्हणून बर्नरमधून निघालेला वायू पाण्याच्या जॅकेटने झटकन थंड करायचा आणि आत जाणारी हवा कोरडी ठेवायची, हा जुना दंडक. त्यासाठी हवा कळीच्या चुन्यावरून नेत. गंधकाम्ल करणाऱ्यांची गरज नेमकी उलटी. अंबरनाथला १९१९ मध्ये स्थापन झालेल्या धरमसी मोरारजी केमिकल कंपनीसारख्या उद्योगांना आम्लच हवे होते, आणि जगभर हा धंदा आधी नायट्रोजनच्या ऑक्साइडांवर, मग प्लॅटिनमवर, शेवटी व्हॅनेडियमवर चालला. एकाच क्रियेला एका कारखान्यात धातूपासून दूर ठेवायचे आणि दुसऱ्यात मुद्दाम धातूवर न्यायचे, हे महाराष्ट्रातल्या कामगारांनी पिढ्यान्‌पिढ्या केले आहे. त्यांच्या या कसबाची नोंद विज्ञानाच्या इतिहासात व्हायला हवी तेवढी झालेली नाही.

दौंडच्या गुऱ्हाळांतही गंधक पोचला, पण वेगळ्या रूपात. काहिलीतला रस उकळताना गुळव्या पूर्वी भेंडीच्या चिकाने मळी काढी. गुळाला पिवळाधमक रंग यावा म्हणून पुढे हायड्रोस, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, वापरात आले. चुलवणात चिपाड जळते. चिपाडात गंधक थोडाच, पण त्याच्या धुरात आणि रानात जाळलेल्या पाचटाच्या धुरात ऑक्झॅलिक आम्लासारखे सेंद्रिय पदार्थ असतात. ते लोखंडाला विरघळलेल्या स्थितीत धरून ठेवतात आणि त्याच वेळी रॅडिकलांची साखळी तोडूही शकतात.

गळीत हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. हा काळ ढगांचा नाही. पहाटेच्या थंड, जड हवेचा आणि नदीकाठच्या धुईचा आहे. हिवाळ्यात रात्री जमिनीजवळची हवा वर जात नाही, धूर खालीच साचतो. थेंबातली बाकीची दोन मुख्य ऑक्सिडीकारके, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ओझोन, उन्हावर अवलंबून. धातूंच्या वाटेला ऊन लागत नाही; रात्रीच्या धुक्यातही ती चालू राहते.

मग पाऊस आंबट का झाला नाही? त्याचा शोध पुण्यातच लागला. १९६२ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने १९७३ ते १९८६ या काळात अहमदनगर आणि बारामतीच्या दरम्यानच्या पट्ट्यात ११ पावसाळे कृत्रिम पावसाचा प्रयोग केला. विमानातून मिठाची भुकटी उबदार ढगांत पेरायची आणि खाली पाऊस मोजायचा. शिरूर-दौंडचे आकाश या पट्ट्याला लागूनच. प्रयोगाच्या अखेरीस पेरलेल्या भागात सुमारे २४ टक्के अधिक पाऊस नोंदला गेला. त्याइतकेच मोलाचे असे की ढगाच्या आणि पावसाच्या पाण्याचे रासायनिक पृथक्करण करण्याची शिस्त या संस्थेत रुजली. एल. टी. खेमानी आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवले की भारतातल्या बहुतेक ठिकाणी ढगाचे आणि पावसाचे पाणी आम्लधर्मी नाही, कारण मातीतल्या अल्कधर्मी कणांनी आम्ल मारले जाते. नुसत्या कार्बन डायऑक्साइडने पावसाचा सामू ५.६ पर्यंत उतरतो. पुण्याच्या पावसाचा सामू त्याच्या वर राहिला. रिफायनरी, वीज आणि खत कारखान्यांनी वेढलेल्या चेंबूरला मात्र तो ५ च्या खाली गेला.

या निष्कर्षाचा दुसरा अर्थ धातूंशी निगडित आहे. सामू ४ च्या वर चढला की लोखंड पाण्यात टिकत नाही, गंजाच्या कणांसारखे वेगळे होते. म्हणजे धुळीतला चुना आम्लच मारतो असे नाही, तो लोखंडालाही बाजूला बसवतो. मँगनीज अधिक सामूतही विरघळलेले राहते, त्यामुळे त्याची भूमिका काही अंशी शिल्लक राहते. आणि चुनखडीच्या थेंबात ओझोनची वाट जलद होते. सल्फेट तर तयार होतेच, फक्त ते कॅल्शियमशी जुळून जिप्समसारख्या निरुपद्रवी रूपात खाली येते. दख्खनच्या धुळीने इथल्या गंधकाला थांबवले नाही. त्याचे दात काढले.

१९९० च्या दशकात रांजणगावला पंचतारांकित औद्योगिक क्षेत्र उभे राहिले. मोटारी, घरगुती विजेची उपकरणे, पोलादी तारा अशा वस्तूंचे कारखाने कारेगाव आणि ढोकसांगवीच्या माळावर आले. पुणे-नगर रस्त्यावर ट्रकांची रांग हटेनाशी झाली. त्या दशकाच्या मध्यापर्यंत देशातल्या डिझेलमध्ये वजनाच्या १ टक्क्यापर्यंत गंधक चालत असे. इंधनाचे निकष टप्प्याटप्प्याने कडक होत एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झाले आणि ती मर्यादा दर दहा लाख भागांत १० भाग एवढी उतरली, म्हणजे हजारपट कमी. भारताच्या प्रदूषण नियंत्रणातली ही फार मोठी कामगिरी आहे आणि तिचे श्रेय मोकळेपणाने दिले पाहिजे. उरलेला गंधक आता प्रामुख्याने कोळशाच्या विजेतून, फर्नेस ऑइल आणि कोळशावरच्या बॉयलरमधून येतो. धातू मात्र घटलेले नाहीत. ब्रेकच्या घर्षणातून लोखंड आणि तांबे, वेल्डिंगच्या धुरातून लोखंड आणि मँगनीज, कोळशाच्या राखेतून लोखंड : हे सगळे कण मातीच्या कणांहून बारीक, अधिक विद्राव्य आणि चुन्यावाचून हवेत जातात.

याच काळात जगातही या वाटेचे मोल नव्याने ठरले. जर्मनीतल्या थुरिंगियाच्या डोंगरावर २०१० मध्ये ढगात जाणारी आणि ढगातून निघणारी हवा तपासून, गंधकाच्या समस्थानिकांच्या आधारे एलिझा हॅरिस आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवले की ढगातल्या ऑक्सिडीकरणात धातूंचा वाटा आधीच्या समजुतीपेक्षा बराच मोठा आहे. तिथेही धातू मुख्यतः खनिज धुळीतलेच होते. २०२१ मध्ये चिनी संशोधकांनी ओलसर कणांच्या पृष्ठभागावर मँगनीज हे काम आणखी वेगाने करते, असे मांडले. उत्तर चीनच्या हिवाळी धुरक्यातले सल्फेट केवळ उन्हावर चालणाऱ्या वाटांनी समजावता येत नव्हते. त्याचा काही हिशेब असा लागला.

भारतातल्या पावसाचा दीर्घ पट हवामान खात्याच्या दहा केंद्रांनी जपला आहे. पुणे आणि नागपूर ही त्यांपैकी महाराष्ट्रातली दोन. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून २०१२ पर्यंतच्या नोंदींत पावसाचा सामू एकंदर उतरताना दिसतो आणि नायट्रेट वाढताना. जोधपूरसारख्या वाळवंटी केंद्राला धुळीचे पाठबळ अजून मोठे आहे. इतरत्र ते घटत चालले आहे. उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने २०१२ मध्ये महाबळेश्वरला ढगांची प्रयोगशाळा उभारली, तिथे ढग खिडकीतूनच आत येतात आणि त्यांचे पाणी थेट तपासता येते. महाबळेश्वर सह्याद्रीच्या माथ्यावर. शिरूर-दौंड त्याच्या उताराखालच्या कोरड्या बाजूला. सामू घसरत ४ च्या जवळ आला की लोखंड विरघळू लागते, आणि विरघळलेले लोखंड आणखी आम्ल तयार करते. काँक्रीटचे रस्ते, बागायती शेते आणि फरसबंद आवारे धूळ कमी करतात, तेव्हा चुनाही कमी होतो. बारीक धातूचे कण मात्र त्याच प्रमाणात कमी होत नाहीत. साखरेच्या धंद्यात दरम्यान निर्यातीसाठी गंधकविरहित कच्च्या आणि शुद्ध साखरेकडे कल वाढला आहे. पांढऱ्या साखरेत सल्फर डायऑक्साइडची मर्यादा किलोमागे ७० मिलिग्रॅम आहे. त्यामुळे खोऱ्यातल्या गंधकाचा एक जुना, थेट स्रोत आकसत आहे, तर धातूंचे स्रोत औद्योगिक पट्ट्याबरोबर वाढत आहेत.